चारशे डॉलरमध्ये पिस्तूल घ्यायचं तर

दुकानदाराने दाखवलेलं रुगर एलसीपी मॅक्स घेऊ नका आणि मित्राने सुचवलेलं हलकं रिव्हॉल्व्हर तर मुळीच नको. दोन्ही वस्तू चांगल्याच आहेत. फक्त तुमच्या बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी, नाहीत.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डॅलसच्या उत्तरेला तुम्हा दोघांचं किराणा दुकान आहे आणि रात्री दहाला वहिनी एकट्या शटर ओढतात. दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि पुढच्या महिन्यात सांगलीहून आईवडील मुक्कामाला येतायत. वहिनींनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. चारशे डॉलरच्या आत, सहज लपेल असं लहानात लहान पिस्तूल तुम्हाला हवं आहे.

त्यातला ‘लहानात लहान’ हा शब्द आधी काढून टाका. माझ्या पिस्तूल शिकवण्याच्या वर्गात दर शनिवारी एक तरी नवरा बायकोसाठी पिटुकलं पिस्तूल घेऊन येतो. बायको पहिलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, संपायच्या आत ते खाली ठेवते आणि परत हात लावत नाही. एलसीपी मॅक्सचं वजन रिकामं असताना जेमतेम तीनशे ग्रॅम. गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का अडवायला पिस्तुलाचं स्वतःचं वजनच कामी येतं, आणि इथे ते नाहीच. करंगळी ग्रिपच्या (पिस्तुलाच्या मुठीच्या) खाली लोंबकळते, नळी आखूड असल्यामुळे हातातली लहानशी चूकही निशाण्यावर मोठी होऊन उतरते. खिशातलं दुसरं पिस्तूल म्हणून जुने पोलीसवाले असलं वापरतात, पण त्यांच्या हाताला हजारो गोळ्यांची सवय असते. शिकणाऱ्याचं पहिलं पिस्तूल ते नव्हे.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट आणखी गमतीची आहे. ‘बायकांना रिव्हॉल्व्हर सोपं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढावी लागत नाही’ असं गन शॉपच्या काउंटरवर अजूनही ऐकू येतं. उदाहरणादाखल स्मिथ अँड वेसनचं ६४२ बघा. पाच गोळ्या, वजन साधारण चारशे ग्रॅम आणि ट्रिगर दाबायला पाच किलोच्या आसपास जोर. चारशे ग्रॅमची वस्तू हातात धरून एका बोटाने पाच किलो ओढायचं, तेही नळी न हलू देता! त्यावर .३८ स्पेशल या काडतुसाचा धक्का तळहातावर फटकाच मारतो. सांगलीच्या मामांच्या परवान्यावरच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा तुम्ही उल्लेख केलाय. ते स्टीलचं, जड आणि सौम्य काडतुसाचं असतं. भारतात ९ एमएम निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापात, मोडतं म्हणून तिकडे परवानाधारकांचा बराचसा कारभार .३२ वर चालतो. तिथला अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

मग गोळी कुठली? ९ एमएम आणि .३८० या दोन्ही मापांच्या काडतुसांत गोळीचा व्यास जवळपास सारखाच असतो. .३८० चं काडतूस आखूड, त्यामुळे बंदुकीची दारू कमी आणि वेगही कमी. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयच्या एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि त्यानंतर गोळ्या तपासायची पद्धतच बदलली. बॅलिस्टिक जेलमध्ये (शरीराच्या मांसाऐवजी वापरतात त्या जेलमध्ये) गोळी १२ ते १८ इंच शिरावी, हा मापदंड तेव्हापासून रूढ झाला. आजच्या ९ एमएमच्या चांगल्या हॉलो पॉइंट (टोकाशी पोकळ, लागल्यावर फुलणाऱ्या) गोळ्या हे आरामात करतात. .३८० मध्ये बऱ्याचदा दोहोंपैकी एकच साधतं: गोळी फुलली तर खोल जात नाही, खोल गेली तर फुलत नाही. म्हणून हाताला झेपत असेल तर ९ एमएम. मनगट दुखरं असेल, बोटांत जोर नसेल, तर .३८० ला कमी लेखू नका. जागेवर लागलेली .३८० ही बाजूने गेलेल्या ९ एमएमपेक्षा केव्हाही बरी. फक्त सरावाची .३८० ची पेटी ९ एमएमपेक्षा महाग पडते, हे चारशेच्या हिशेबात धरा.

आता निवडीकडे. तुम्ही दुकानात एकटे जाऊ नका आणि वहिनींसाठी सरप्राइज तर अजिबात नको. दुसऱ्याच्या मापाची चप्पल आणून त्यात पाय कोंबायला लावण्यासारखं आहे ते. तुमच्या भागातल्या बहुतेक इनडोअर रेंजवर थोडक्या भाड्यात पिस्तुलं चालवायला मिळतात. इन्स्ट्रक्टर सोबत घ्या, तीन वेगवेगळी मागा आणि रिकाम्या पिस्तुलावर आधी चार गोष्टी बघा.

स्लाइड ओढून मागे अडकवता येते का? इथे बहुतेकजणी अडतात आणि ‘माझ्या हातात ताकद नाही’ म्हणतात. शंभरातल्या नव्वद वेळा ताकदीचा प्रश्न नसतो. पिस्तूल शरीराजवळ घ्यायचं, नळी समोर टार्गेटकडे, डाव्या हाताने स्लाइड वरून मुठीत धरायची आणि ती मागे खेचण्यापेक्षा उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. दोन्ही हात एकमेकांच्या उलट गेले की स्लाइड सुटते. हे दाखवूनही जमत नसेल तर मग पिस्तूल बदला.

दुसरं, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोहोचतं का, तेही मूठ न फिरवता. तिसरं, करंगळीला ग्रिपवर जागा आहे का. चौथं, मॅगझिन सोडायचं बटण अंगठ्याने दाबता येतं का. मॅगझिनमध्ये गोळ्या भरताना अंगठा दुखतो म्हणून कोणी पिस्तूल नाकारू नये, त्याला पंचवीस-तीस डॉलरचा लोडर मिळतो.

यातून पार झालेल्या पिस्तुलाच्या पन्नास गोळ्या झाडा. सात यार्डांवर कागदाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात किती बसल्या ते बघाच, पण शेवटच्या दहा गोळ्यांच्या वेळी चेहरा कसा होता तेही बघा. डोळे मिटत असतील, ट्रिगर दाबण्याआधीच हात खाली झुकत असेल, तर ते पिस्तूल कितीही स्वस्त असलं तरी सोडा.

तुमच्या बजेटजवळ मी वहिनींच्या हातात जी देऊन बघेन ती सांगतो. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, म्हणून अंदाजच समजा.

सगळ्यात आधी स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. २०२१ मध्ये आलं, ९ एमएम, दहा आणि तेरा गोळ्यांची मॅगझिन, वजन ५७० ग्रॅमच्या आसपास. एलसीपीच्या जवळपास दुप्पट वजन, तरी कंबरेला लागलेलं कळत नाही. ट्रिगर स्वच्छ आहे. सवलतीच्या दिवसांत चारशेच्या थोडं वर मिळतं. शक्य असेल तर मी इथेच थांबेन.

स्लाइडच अडत असेल तर त्याच कंपनीचं शील्ड ईझी. नावाप्रमाणे त्याची स्लाइड हलकी, मॅगझिन भरायला सोपं, मागे ग्रिप सेफ्टी, म्हणजे मूठ नीट धरल्याशिवाय गोळी सुटत नाही. लांबी थोडी जास्त, गोळ्या आठच आणि किंमतही तुमच्या आकड्याच्या वर. वापरलेलं ९ एमएमचं ईझी मिळत असेल तर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा, कारण मार्च ते ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्यांच्या हॅमरबद्दल (गोळी पेटवायला आपटणाऱ्या हातोडीबद्दल) कंपनीने सुरक्षा सूचना काढली होती.

.३८० कडेच जायचं झालं तर खिशातलं नव्हे, रुगरचं सिक्युरिटी-३८० बघा. २०२३ मध्ये आलं. पूर्ण मुठीचं, पंधरा गोळ्यांचं, स्लाइड मुद्दाम हलकी ठेवलेली आणि किंमत चारशेच्या आत. शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आणणारं इतकं स्वस्त पिस्तूल दुसरं नाही.

आणि खरंच हात आखडता असेल तर टॉरस जी३सी. ब्राझीलची कंपनी, अमेरिकेतला कारखाना जॉर्जियात. बारा गोळ्या, सहाशे वीस ग्रॅम, अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान. टॉरसच्या जुन्या मिलेनियम मालिकेवर, खाली पडल्यावर गोळी सुटते या तक्रारीवरून, अमेरिकेत मोठा खटला झाला आणि कंपनीने समझोता केला. त्या काळातलं सेकंडहँड कोणी दोनशेला देत असेल तरी घेऊ नका. जी३सी नंतरचं, २०२० चं. वर्गातले लोक आणतात त्यातली बहुतेक नीट चालतात, पण माझ्याकडे ती दोनशे गोळ्या विनातक्रार झाडल्याशिवाय कंबरेला लागत नाहीत. हा नियम तसा सगळ्याच कंपन्यांना लावा.

पोलिसांनी बदलीत दिलेली पिस्तुलं हाही एक मार्ग आहे. खाती नवी शस्त्रं घेताना जुनी व्यापाऱ्याला देतात. होल्स्टरने (पिस्तुलाच्या म्यानाने) घासून बाहेरून कळकट दिसतात, आत मात्र फारशी झिजलेली नसतात, कारण बहुतेक पोलीस वर्षातून ठरलेल्या गोळ्यांपलीकडे झाडत नाहीत. त्यात ग्लॉक १९ चांगल्या भावात मिळून जातं. वहिनींच्या कुर्त्याखाली ते लपेल का, हा प्रश्न मात्र उरतो.

चारशे डॉलर पिस्तुलाला ठेवलेत, तर पुढचा खर्च कुठून करणार? सरावाच्या ९ एमएमची पन्नासची पेटी सोळा-सतरा डॉलरच्या आत मिळते, सुरुवातीला अशा निदान दहा लागतील. संरक्षणासाठीच्या हॉलो पॉइंट गोळ्या एकेक डॉलरच्या घरात जातात आणि त्यांच्याही पन्नासेक झाडून बघाव्या लागतात, कारण काही पिस्तुलांना विशिष्ट गोळी गिळवत नाही. बरा होल्स्टर साठ-सत्तर, ताठ पट्टा चाळीस-पन्नास, लॉकबॉक्स, कानांचे मफ, चष्मा, वर्ग. एकूण पैसा ठरलेलाच असेल तर मी पिस्तुलावर तीनशे आणि उरलेला या सगळ्यावर घालवीन. सहाशेचं पिस्तूल आणि दोन पेट्या गोळ्या घेऊन थांबलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या निशाण्याकडे बघवत नाही.

होल्स्टरवर काटकसर नको. ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, न दबणारं, कायडेक्ससारख्या कडक प्लॅस्टिकचं हवं. सगळ्यांना बसेल असं ढगळ कापडी होल्स्टर वीस डॉलरला मिळतं. त्यात पिस्तूल परत घालताना कापडाची दुमड ट्रिगरमध्ये अडकली तर काय होईल, याची कल्पना करा. सलवार-कुर्त्यावर पट्टा येत नाही, ही वहिनींची अडचण खरी आहे. त्यासाठी कडक होल्स्टर जोडलेले पोटाचे रुंद बँड मिळतात, ते चालतात. पर्स मात्र चालणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये एका आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्याच दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागलं, गोळी सुटली आणि ती आई जागीच मरण पावली. पर्स बंदुकीसाठी खास कप्पा असलेली होती. शिवाय चोर आधी हिसकावतो ती पर्सच.

दुकानाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. गल्ल्यातले तीनशे डॉलर मागणाऱ्याला द्या. टेक्ससचा कायदा मालमत्तेच्या रक्षणाबाबत इतर राज्यांपेक्षा सैल आहे आणि काउंटरवरचे पंडित तेवढंच ऐकवतात. पण गोळी झाडल्यानंतरचा वकील, कोर्ट आणि झोप उडालेल्या रात्री यांची किंमत ते सांगत नाहीत. पिस्तूल फक्त जीव वाचवायला, पळता येत नसेल तेव्हा. त्याआधी स्वस्तातले उपाय करा: बंद करताना दोघांपैकी दुसरा फोनवर नव्हे, तिथे हजर हवा, रोकड दिवसाउजेडी बँकेत, गाडी दारासमोरच्या उजेडात, मागचं दार साडेनऊलाच कुलूपबंद. यातलं काही केलेलं नसेल तर पिस्तुलाचा विचार दोन आठवडे पुढे ढकला.

कायद्याचं बघू. ग्रीन कार्ड असलेल्याला पिस्तूल विकत घेता येतं. परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यायला वय एकवीस पूर्ण हवं आणि हँडगन तुमच्या राहत्या राज्यातच घ्यावं लागतं. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, ग्रीन कार्डावरचा एलियन नंबर लिहायचा, पार्श्वभूमी तपासणी होते. वापरणार वहिनी, तर फॉर्मही त्यांनीच भरावा आणि पैसेही त्यांनीच द्यावेत. खऱ्या खरीदाराच्या जागी दुसऱ्याने सही करणं हा केंद्रीय गुन्हा आहे. जोडीदाराला स्वतःच्या पैशाने खरीखुरी भेट देता येते, पण मुळात निवड त्यांची असेल तर हा घोळ कशाला?

हे वाचणाऱ्या एच-१बी, एच-४ आणि विद्यार्थी व्हिसावाल्यांनो, तुम्हाला हे लागू नाही. अशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूकच काय, एक गोळी बाळगणंही केंद्रीय कायद्याने मना आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच. ‘रेंजवर भाड्याने चालवली तर काय होतं’ म्हणणारा मित्र तुमच्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीला सोबत येणार नाही. आणि सांगलीहून येणाऱ्या तुमच्या आईवडिलांनाही तेच. ते टुरिस्ट व्हिसावर येणार, म्हणून रेंजवर ‘बाबा, एक झाडून बघा’ नको आणि घरात किल्ली त्यांच्या हाती लागेल अशी नको.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येतं. तरीही एलटीसी, म्हणजे राज्याचा हँडगन परवाना, काढा असं मी सांगेन, आणि तो वर्ग मी घेतो म्हणून नव्हे. शाळेपासून हजार फुटांच्या पट्ट्यात बंदूक बाळगण्यावर केंद्रीय बंदी आहे. राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते, विनापरवाना फिरणाऱ्याला नाही. तुमचं दुकान कुठल्या शाळेच्या मागे आहे का, नकाशावर बघा. शाळेच्या इमारतीत नेणं परवाना असूनही गुन्हाच. फी चाळीस डॉलर, वर्ग चार ते सहा तासांचा आणि शेवटी ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा. २५० पैकी १७५ गुण हवेत. अवघड नाही, पण एलसीपी घेऊन आलेले १५ यार्डांवर घामाघूम होतात. पाट्या वाचायला शिका: दारावर ३०.०६ ची (लपवलेलं पिस्तूल आत आणू नका, अशी) पाटी दिसली तर परवाना असूनही पिस्तूल गाडीत, आणि लाल ‘५१%’ ची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूची) असलेल्या बारमध्ये तर नाहीच.

टेक्ससबाहेर यातलं बरंचसं बदलतं. न्यू जर्सीत हँडगन घेण्याआधीच वेगळा परमिट लागतो आणि दहाच्या वर गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही. म्हणजे एडिसनच्या मावशीकडे गाडीने जाताना तेरा गोळ्यांच्या मॅगझिनसकट पिस्तूल डॅलसलाच ठेवायचं.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे सगळं शोधून काढायच्या वयाचा. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे. कपाटाचा वरचा खण, गादीखाली, देवघरामागे, या जागा मुलांना आपल्याआधी ठाऊक असतात. पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर कुलपात, तिसरी जागा नाही. लॉकबॉक्स यांत्रिक बटणांचा घ्या. बोटाच्या ठशाच्या स्वस्त तिजोऱ्यांवर माझा भरवसा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे ६१ हजार बायोमेट्रिक तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या, कारण त्या कोणाच्याही बोटाने उघडू शकत होत्या. मुलाला मात्र गुपित ठेवू नका. दिसली तर हात लावायचा नाही, खोलीबाहेर यायचं, मोठ्यांना सांगायचं, हे त्याच्याकडून दोन-चारदा म्हणवून घ्या. आणि घरात कोणी नैराश्यातून जात असेल तर पिस्तूल घराबाहेर, ओळखीच्या विक्रेत्याकडे ठेवा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो आणि प्रत्येक वर्गात शांतता पसरते.

घेतल्यावर पहिले दोन महिने पिस्तूल दुकानात न्यायचं नाही. आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं, रिकाम्या पिस्तुलाने घरी सराव. गोळ्या दुसऱ्या खोलीत, नळी गोळी अडवेल अशा भिंतीकडे, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) दोनदा तपासलेलं. कुर्ता वर करणं, मूठ पक्की बसवणं, बाहेर काढणं, ट्रिगर दाबणं. पंधरवड्यातून एकदा रेंजवर शंभर गोळ्या. चेंबरमध्ये गोळी ठेवून फिरायचं की नाही हे सगळे विचारतात. माझ्या मते ठेवून, पण या दोन महिन्यांनंतर आणि चांगल्या होल्स्टरमध्ये. तोवर भीती वाटत असेल तर ती योग्यच आहे.

शेवटचं, दिवाळीत भारतात जाणार असाल म्हणून. रेंजवर नेलेली पिशवी कधीही प्रवासाला वापरू नका, अगदी धुऊनही नाही. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एखादं काडतूस मुंबईच्या विमानतळावरच्या एक्स-रेत दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ‘चुकून राहिलं’ हे तुम्हाला कोर्टात, पासपोर्ट अडकलेला असताना, सिद्ध करावं लागतं. रेंजची पिशवी भडक केशरी रंगाची घ्या आणि ती गॅरेजमध्येच टांगा. जॅकेटचे खिसे निघण्याच्या आदल्या रात्री उलटे करून बघा, मुलाच्या दप्तरासकट.